क्लोनिंगच्या चर्चेत बीज देणारी स्त्री कुठे आहे?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मानवी क्लोनिंगच्या नैतिकतेविषयी आपल्या दैनिकात गेले काही दिवस प्रसिद्ध होत असलेली पत्रे मी लक्षपूर्वक वाचत आहे. माणसाने विधात्याच्या कामात ढवळाढवळ करू नये असे काहींचे म्हणणे आहे, तर विज्ञानाची वाट अडवू नये असे इतरांचे. मात्र जिच्या शरीरातून स्त्रीबीज काढल्याखेरीज हा प्रयोग सुरूच होऊ शकत नाही, त्या स्त्रीचा उल्लेख यांपैकी एकाही पत्रात मला आढळला नाही.

क्लोनिंगमध्ये स्त्रीबीजातील केंद्रक काढून टाकतात आणि ज्याची जनुकीय प्रत हवी, त्याच्या शरीरपेशीचे केंद्रक त्या जागी बसवतात. 1996 मध्ये स्कॉटलंडच्या रॉस्लिन संस्थेत डॉली ही मेंढी जन्मली, तेव्हा अशा 277 प्रयत्नांतून गर्भाशयात सोडण्याजोगे 29 भ्रूण मिळाले आणि जिवंत कोकरू जन्मले एकच. शांघायच्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये माकडांची दोन क्लोन पिल्ले जगवली, तीही गर्भावस्थेतील पेशी वापरून. प्रौढ माकडाच्या पेशींपासून तयार केलेले भ्रूण 42 माद्यांच्या गर्भाशयात सोडल्यावर जन्मलेली दोन पिल्ले मात्र लवकरच दगावली. मेंढीच्या बाबतीत असा हिशेब प्रयोगवहीत लिहून पुढे जाता येते. बाईच्या बाबतीत यातील प्रत्येक बीजामागे संप्रेरकांची इंजेक्शने, भूल, सुईने बीज काढण्याची प्रक्रिया आणि क्वचित जिवावर बेतणारी गुंतागुंत असते, शिवाय फसलेला प्रत्येक गर्भ कुणाच्या तरी पोटात वाढलेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही. दक्षिण कोरियातील ह्वांग वू-सुक यांनी मानवी भ्रूणाचे क्लोनिंग करून मूलपेशी (ज्यांच्यापासून शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी) मिळवल्याचा दावा 2004 आणि 2005 मध्ये केला, तो खोटा ठरला आणि जानेवारी 2006 मध्ये त्यांचे दोन्ही शोधनिबंध मागे घेण्यात आले. खोट्या आकडेवारीची चर्चा जगभर झाली, पण या संशोधनासाठी दोन हजारांहून अधिक स्त्रीबीजे वापरली गेली होती, काहींसाठी पैसे मोजले गेले होते आणि काही बीजे प्रयोगशाळेतील कनिष्ठ संशोधक स्त्रियांचीच होती, हा भाग बहुतेकांच्या स्मरणातून गेला. जिची नोकरी प्रमुखाच्या हाती आहे, तिच्या संमतीला कितपत संमती म्हणावे?

मुंबईकरांनी हा प्रश्न परका मानू नये. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून ऑगस्ट 1986 मध्ये के.ई.एम. रुग्णालयात टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, ती परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेच्या सहकार्याने. त्या यशाचा मला अभिमान आहे. त्यानंतर वंध्यत्व उपचारांची केंद्रे उपनगरांपर्यंत पोहोचली, आणि घर चालवण्यासाठी स्त्रीबीज द्यायला येणाऱ्या बायका कोणत्या वस्त्यांतून येतात, हे या शहरात वेगळे सांगायला नको. साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञानाच्या 2021 च्या कायद्याने आता दात्री स्त्रीला आयुष्यात एकदाच बीजदान करता येते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजे घेता येत नाहीत. डॉलीचा हिशेब या मर्यादेत बसवला, तर एका मुलासाठी चाळीस स्त्रिया लागतील. तंत्र सुधारले आहे हे मान्य. अमेरिकेतील ओरेगॉनच्या शास्त्रज्ञांनी 2013 मध्ये बऱ्याच कमी बीजांतून मूलपेशी मिळवल्या. पण तो प्रयोग काही दिवसांच्या भ्रूणापाशी थांबला होता, मूल जन्माला घालणे हे त्याचे उद्दिष्टच नव्हते.

गेलेले मूल 'परत' मिळेल या आशेविषयीही आपल्या एका वाचकाने लिहिले आहे. त्या दुःखापुढे युक्तिवाद करणे जड जाते, तरीही सांगायला हवे की टेक्सासमध्ये 2001 च्या अखेरीस जन्मलेल्या पहिल्या क्लोन मांजरीचा रंग मूळ मांजरीशी जुळला नव्हता. (आपल्या चित्रपटांतील दुहेरी भूमिकांनी क्लोनविषयीच्या समजुतीचा बराच घोटाळा केला आहे.) जन्मणारे मूल दुसरेच असेल, आणि गेलेल्याची उणीव भरून काढण्याचे ओझे घेऊन त्याला वाढावे लागेल.

याचा अर्थ भ्रूणपेशींवरील सर्वच संशोधन बंद करावे असा नाही. मार्च 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मानवी क्लोनिंगविरोधी जाहीरनामा 84 विरुद्ध 34 मतांनी संमत झाला, तेव्हा भारताने विरोधात मत दिले, कारण मूल जन्माला घालणारे क्लोनिंग आणि उपचारासाठीचे संशोधन यांत त्या मसुद्याने फरक केला नव्हता. मला ती भूमिका योग्य वाटते. शिवाय जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 पासून साध्या शरीरपेशींनाच मूलपेशींचे गुण देण्याचा मार्ग दाखवल्यामुळे स्त्रीबीजांची गरज बरीच कमी झाली आहे. तरीही बीजे मागणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाला, ती का हवीत, हे आधी सिद्ध करायला लावले पाहिजे.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मूल जन्माला घालण्यासाठीचे क्लोनिंग निषिद्ध ठरवले आहे. मात्र मार्गदर्शक तत्त्वांना फौजदारी कायद्याचा धाक नसतो. गर्भलिंगनिदानाच्या बाबतीत केवळ डॉक्टरांच्या सदसद्विवेकावर विसंबून भागत नाही, हे मुंबईतील कार्यकर्त्यांनी ओळखले आणि त्यांच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने 1988 मध्ये देशातला या विषयावरचा पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. क्लोनिंगच्या बाबतीतही असा स्पष्ट कायदा हवा. संशोधनासाठी बीज देणाऱ्या स्त्रीला तिच्या भाषेत पूर्ण माहिती मिळणे, संशोधकांच्या हाताखाली काम करणाऱ्या स्त्रियांकडून बीजे घेण्यास मनाई असणे आणि बीजदानानंतर उद्भवलेल्या आजाराचा खर्च संस्थेने उचलणे, या तिन्ही गोष्टी त्यात दंडाच्या तरतुदीसह याव्यात, अशी मागणी राज्यातील लोकप्रतिनिधींनी संसदेत करावी.

आपली नियमित वाचक,
परळ, मुंबई