आता दिवे थेट कुडाळहून निघणार, म्हणून

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

दिवाळीनंतरचे दिवे पुण्याला न येता कुडाळच्या शेडमधूनच परस्पर गिऱ्हाइकाकडे जातील, असं आपलं ठरलं. लाकूड आणि बांबूचं काम तुमच्याकडेच होतं, आता वायरिंग आणि तपासणीही तुमच्याकडे येतेय. फोनवर तुकड्या-तुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा लिहून काढते. आपला दिवा कुणाच्या तरी जेवणाच्या टेबलावर, कुणाच्या पलंगावर टांगलेला असणार. दिसायला कितीही सुरेख झाला तरी तो आधी विजेचं उपकरण आहे. म्हणून सुरुवात वायरिंगपासून करते.

बाबा, टांगायच्या सगळ्या दिव्यांना ०.७५ स्क्वेअर एमएमची तीन कोअरची लवचीक वायरच वापरा. तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थ. स्क्रूखाली जाणारं टोक ८ मिमी सोलायचं, त्यावर थिंबल, म्हणजे धातूची छोटी नळी, चढवून दाबायचं आणि मगच स्क्रू आवळायचा. टोकाला सोल्डर लावून आवळण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी दिसते, ती आपल्याकडे नको. सोल्डर मऊ असतं, स्क्रूच्या दाबाने हळूहळू पसरतं, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. वरवर सगळं नीट दिसतं आणि वर्षभराने होल्डर करपलेला सापडतो. अर्थची वायर बाकी दोघींपेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर लांब ठेवा. कधी ओढ बसलीच तर फेज आधी सुटावी आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

आट्यांच्या होल्डरमध्ये, म्हणजे ई-२७ मध्ये, तळाला मधोमध पितळी जीभ असते. फेज त्या जिभेला आणि न्यूट्रल बाजूच्या आट्यांना, हे कधीही बदलायचं नाही. उलटं जोडलं तरी दिवा लागतो, म्हणून गफलत लक्षात येत नाही. पण बल्ब फिरवून काढताना त्याची धातूची टोपी अर्धी बाहेर आलेली असते, बोट तिला लागतं, आणि आट्यांत फेज असेल तर झटका बसतो. आपल्याकडच्या वायरमनचा हात पिनांच्या होल्डरवर बसलेला असतो आणि तिथे या अदलाबदलीने काही बिघडत नाही, त्यामुळे हे मुद्दाम सांगावं लागतं. टेबललॅम्पला दोन पिनांचा प्लग लावला तर तो सॉकेटमध्ये उलटाही बसतो, मग आत कितीही काळजीने जोडलेलं असो. म्हणून टेबललॅम्पला तीन पिनांचा प्लगच.

लोखंडी कडं, पितळी होल्डर, साखळी, वरचा सीलिंग कप, ज्या ज्या धातूला हात लागू शकतो तो सगळा अर्थला जोडलेला हवा. कड्यावर काळा रंग असेल तर वॉशरखालची जागा कानसने घासून चकचकीत करा, कारण रंगावरून वीज जात नाही आणि अर्थ नुसती नावाला राहते. लाकडातून किंवा बांबूतून वायर जाते तिथे भोकाची कड गोल करून ग्रोमेट, म्हणजे वायर घासू न देणारं रबरी कडं, बसवा. जुन्या वाशात मोडलेल्या खिळ्याचं टोक आत राहिलेलं असतं, तेच वायर कापतं. भोक पाडण्याआधी लोहचुंबक फिरवून बघा, आणि पाडून झाल्यावर आत बोट नाही, सळई फिरवा.

दिव्याचं वजन वायरवर येता कामा नये. एक किलोच्या आतला करवंटीचा दिवा कॉर्ड ग्रिपवर, म्हणजे वायर घट्ट धरणाऱ्या पकडीवर, चालेल, त्याहून जड असेल तर साखळी किंवा २ मिमीची स्टीलची दोरी, आणि वायर तिच्या बाजूने सैल सोडलेली. काथ्याच्या दोरीवर जड दिवा टांगायची मागणी येते, कारण ती दिसते छान. काथ्या शोभेला वरून गुंडाळा, भार मात्र आतल्या स्टीलवर ठेवा. प्रत्येक नवा नमुना ठरला की दिव्याच्या वजनाच्या चौपट वजन त्याच हुकाला तासभर टांगून बघायचं. ६ किलोच्या वाशाच्या दिव्याला २४ किलो. तासाभराने स्क्रू सरकलाय का, लाकूड हुकापाशी चिरलंय का, ते बघा.

मग तपासणी. बाबा, ही एकाही दिव्याला चुकवू नका, अगदी रात्री ट्रान्सपोर्टची गाडी दारात उभी असली तरी. आधी मल्टिमीटर लावून जोड सलग आहे का ते बघायचं: तपकिरी वायर ते होल्डरची जीभ, हिरवी-पिवळी ते कडं. मग होल्डर रिकामा ठेवून दिवा सीरिज बोर्डला, म्हणजे वाटेत एक बल्ब जोडलेल्या बोर्डाला, लावा. बोर्डावरचा बल्ब पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर प्लग काढून, बल्ब न लावताच फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून, ते आणि धातूचं अंग यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. २ मेगाओमपेक्षा कमी आलं तर तो दिवा बाजूला. पावसात आकडा कमी आला की लाकूड दमट आहे म्हणून सोडून द्यावंसं वाटतं, पण आधी भोकाची कड बघा, बहुतेकदा वायरचं आवरण तिथेच सोललेलं असतं. शेवटी बल्ब लावून चार तास पेटता ठेवायचा आणि होल्डरजवळच्या लाकडाला थर्मामीटर लावायचा. ६० अंशांच्या वर गेला तर बल्ब लहान करा किंवा वरची भोकं वाढवा.

हे सगळं करण्याआधी तपासणीच्या टेबलाच्या बोर्डात ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. तो बसेपर्यंत तपासणी सुरू करू नका.

उष्णतेचा खरा प्रश्न करवंटीत येतो. आई, तू भोकांची नक्षी फार सुंदर करतेस, पण ती सगळी बाजूला आणि खालीच असते. गरम हवा वर जाते, तेव्हा होल्डरभोवती ६ मिमीची किमान चार भोकं वरच्या अंगालाही हवीत. बंद करवंटीत ९ वॅटचा एलईडी बल्ब घातला तर करवंटीला काही होत नाही, बल्बच्या बुडातलं सर्किट भाजतं आणि तो लवकर जातो. गिऱ्हाईक म्हणतं दिवा खराब. म्हणून करवंटीला ३ वॅट, फार तर ५. आणि उजेडाचा रंग २७०० केल्विन, म्हणजे पिवळसर. ६५०० चा पांढरा प्रकाश पडला की सागाचा आणि करवंटीचा तांबूसपणा मरतो, एवढी घासलेली वस्तू राखाडी दिसते. ‘फक्त एलईडी, जास्तीत जास्त ५ वॅट’ हे होल्डरच्या कडेला, बल्ब बदलताना दिसेल अशा जागी डागणीने कोरायचं. पिवळ्या उजेडासाठी लोक अजून घरातला जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब काढून लावतात, आणि काथ्या गुंडाळलेल्या दिव्यात ते धोक्याचं आहे.

करवंटीला भोक पाडताना आतून लाकडी गोळा टेकवून बाहेरून ड्रिल लाव, नाहीतर बिट बाहेर पडताना आतलं टवकं उडतं. दोन भोकांमधलं अंतर ५ मिमीच्या खाली गेलं की ओळच्या ओळ तडकते. डोळ्यांजवळ करवंटी सगळ्यात पातळ असते, तिथे नक्षी नको.

आता लाकडाचा ओलावा. गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघता सगळ्यात जास्त इथेच बिघडतं. पावसाळ्यात आपल्या शेडमधलं लाकूड १८ टक्क्यांपर्यंत जातं, वाळलेलं असलं तरी हवेतून ओलावा घेतं. तेच एप्रिलमध्ये पुण्या-नागपूरच्या घरात ८ टक्क्यांवर उतरतं. १५० मिमी रुंदीची सागाची आडवी कापलेली फळी तेवढ्यात २ ते ३ मिमी आकसते. दोन्ही कडांना स्क्रू घट्ट असतील तर तिला आकसायला जागाच नसते, मग ती मधोमध चिरते. त्यामुळे १२ टक्क्यांच्या वर असलेलं लाकूड कापायला घ्यायचं नाही, आणि रुंद फळीला एका बाजूचं भोक लांबट ठेवायचं म्हणजे स्क्रू सरकेल. ओलावा मोजायच्या मीटरच्या पिना फळीच्या टोकाला खुपसू नका, टोक आधी वाळतं. फळीच्या मध्यावर, रेषेच्या दिशेने आकडा घ्या आणि खडूने फळीवरच लिहा.

जुन्या वाशांवर रंगाचे थर असतील तर ते कोरडे घासू नका. घरगुती रंगात शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून, त्याआधीच्या रंगात काय आहे ते डोळ्यांना कळत नाही आणि ती भुकटी श्वासातून जाते. असे वाशे घेऊच नयेत असं माझं मत आहे. भोकांमधून ताजी भुकटी गळणारे वाशेही परत करा. घुण जिवंत असेल तर गिऱ्हाइकाच्या टेबलावर रोज सकाळी पिवळसर पिठाची बारीक रेघ पडलेली दिसते, आणि त्यावर कुठलंही पॉलिश इलाज करत नाही.

लाखेचं पॉलिश दमट दिवशी मारलं की पांढरं पडतं, हे तुम्हाला माहीतच आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. पाऊस असेल तेव्हा अळशीचं तेल लावा. पण त्या तेलाचे बोळे कोपऱ्यात गोळा करून ठेवू नका, बाबा. तेल सुकताना तापतं, ढिगाऱ्यात ती उष्णता अडकते आणि चिंधी आपोआप पेट घेते. काम संपलं की बोळे पाण्याच्या डब्यात टाका, किंवा अंगणात एकेक पसरून वाळवा.

बांबू दिवाळीनंतरच तोडायचा, तीन वर्षांच्या वरचा. त्या दिवसांत त्यातला स्टार्च कमी असतो आणि घुण स्टार्चवरच येतो. माणगा जातीचा बांबू भरीव, म्हणून चौकटीला आणि दांड्यांना तो. वायर आतून न्यायची असेल तिथे पोकळ बांबू, त्याच्या गाठी आधी सळईने फोडून. १०० लिटर पाण्याला ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड, दोन्ही थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग टाकीत. कामट्या तीन दिवस, अख्खे तुकडे आठवडाभर बुडवा आणि सावलीत वाळवा, उन्हात चिरतात. उरलेलं द्रावण पुढच्या खेपेला वापरा. माडाच्या आळ्यात किंवा विहिरीजवळ अजिबात ओतू नका, जास्त बोरॉन झाडाला मारतं. हे औषध पाण्याने धुऊन निघतं. त्यामुळे पावसाचा मारा येणाऱ्या पडवीसाठी बांबूचा दिवा मागितला तर सरळ नाही म्हणा.

कामटी वाकवताना साल बाहेरच्या बाजूला ठेवा. गर बाहेर आला की धागे उभे राहतात.

पॅकिंगचं थोडक्यात. कुरिअरवाले लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात आणि खऱ्या वजनापेक्षा ते जास्त आलं तर त्याचे पैसे लावतात. ४० सेंमीच्या चौकोनी खोक्यातला सव्वा किलोचा बांबूचा दिवा १२.८ किलो धरला जातो. तोच दिवा दोन भागांत, एकात एक बसणारा केला आणि खोकं १२ सेंमी उंच ठेवलं तर ३.८४ किलो. पुढचे नमुने करताना, आई, हे आधी मोजून बघ. किंमत ठरवताना खोकं, कुरिअर आणि तपासणीचा वेळ हे खर्चातच धरायचं.

मेगर, थिंबल दाबायची पक्कड आणि १०० ग्रोमेट वेगळ्या पार्सलने पाठवतेय. मिळालं की आधी शेडमधल्या सगळ्या सागाच्या फळ्यांचे ओलाव्याचे आकडे घेऊन खडूने लिहिलेल्याचा फोटो पाठवा, म्हणजे कुठली फळी या मालात घ्यायची ते मला ठरवता येईल.

तुमची लेक