मालवणजवळच्या देवबागला गरवायला येतोयस ना, मग होडी करूनच जाऊ

प्रिय अव्या,

मेसेज वाचला तुझा. गरवायला, म्हणजे गरीने (गळाने) मासे पकडायला, रॉड घेतलास, रील पण भारीतली घेतलीस, खूप बरं वाटलं. पण "होडीबिडी नको, उगाच पैसे जातात, खडकावर उभं राहून टाकू" हे जे लिहिलंयस ना ते मला अजिबात पटलेलं नाहीये, आणि फोनवर तू ऐकून घेत नाहीस म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

अरे पैसे आपण मोजतो ते होडीवाल्याच्या डोक्यात समुद्राचा जो तळ बसलाय त्याचे. आमच्या वाडीतले काका आहेत, मी कायम त्यांच्यासोबतच जातो. खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, शोधताना त्यांची नजर किनाऱ्यावर असते. डोंगरावरचं एक झाड देवळाच्या कळसाच्या रेषेत आलं आणि दुसऱ्या बाजूला किल्ल्याचा बुरुज ठरलेल्या माडांमागे गेला की इंजिन बंद, नांगर खाली. थोडं जरी इकडेतिकडे झालं तर खाली नुसती वाळू, आणि गोबरा, तांबोशी हे मासे तर खडपालाच धरून राहतात, मग तुझी रील कितीची का असेना. मी दोरी सोडायला लागलो की म्हणतात, "मदी नको, कडेक सोड, नायतर गरी अडकतली." त्यांची स्वतःची दोरी तर्जनीवरून गेलेली असते, दोरीला बांधलेलं शिसं दगडाला घासतंय की मासा बांगड्याचा तुकडा चाचपतोय हे त्यांना बोटावर कळतं. हे शेजारी बसून बघितल्याशिवाय येत नाही रे, कितीही व्हिडिओ बघ.

दुसरं म्हणजे पाणी. तिथीचे पाऊणपट केले की भरतीच्या वेळेचा अंदाज येतो, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आसपास, अष्टमीला सहाच्या. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ एवढी असते की शिसं तळाला ठरतच नाही, म्हणून काका भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या आसपासचे कमी ओढीचे दिवस धरतात. आणि देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे तर फार जपून, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, नदीचं आणि खाडीचं पाणी एकदम बाहेर निघतं, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटला की त्याच तोंडावर लाटा उभ्या राहतात. सकाळी तिथे इतकं शांत दिसतं की नवख्याला खरंच वाटणार नाही. खडकावर शेवाळ असतं, एखादी मोठी लाट मागून येते, आणि तुला पोहता येतं हे मला माहितीये पण तिथे पोहणं उपयोगाचं नाही.

अजून एक, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला सागरी अभयारण्य आहे, १९८७ साली जाहीर झालेलं. कुठे गरी टाकायची नाही हे इथल्या माणसाला माहीत असतं. अंडी असलेली शेवंड (लॉबस्टर) मिळाली तर काका लगेच पाण्यात सोडतात, त्यांना सांगावं लागत नाही.

आणि मनापासून सांगतो, हे पैसे गावात राहतात हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पर्ससीनवर, म्हणजे मोठ्या यांत्रिक होड्यांच्या घेर टाकणाऱ्या जाळ्यांवर, २०१६ साली सरकारने निर्बंध आणले तरी रापणवाले (किनाऱ्यावरून जाळं ओढणारे) आणि छोट्या होडीवाले अजून भांडतायत, हातात मासा कमी येतो. गरवायला माणसं घेऊन गेलं की त्याच होडीवर, त्याच कसबावर चार पैसे सुटतात आणि पोरगा मुंबईला जायच्या ऐवजी बापासोबत समुद्रावर जातो.

होडी ठरवताना मात्र नीट बोलून घ्यायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना आहेत का, होडीवर रजिस्ट्रेशन नंबर आहे का, भाव डिझेल धरून की वेगळं, मिळालेला मासा कोणाचा. हे आधी विचारलं की कोणाला राग येत नाही, उलट तो पण मोकळा होतो. आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागला असेल तर काका नाही म्हणणार, तेव्हा हट्ट करायचा नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, तेव्हा येऊ नको. डिसेंबर सगळ्यात चांगला, पहाटे जमिनीकडून येणारा मतलई वारा असतो, किनाऱ्याजवळ पाणी आरशासारखं. सप्तमी-अष्टमीच्या आसपासचा शनिवार-रविवार बघ, सकाळी सहाला भरतीवर निघू, वारा फिरायच्या आत परत. वहिनींना बस लागते ना, मग त्यांना गोळी होडीत चढायच्या अर्धा-एक तास आधीच दे, नंतर देऊन काही होत नाही. तारीख लवकर कळव, काकांना आधी सांगावं लागतं.

तुझा,
बंड्या