पायऱ्यांवर गरम पाणी ओतू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या आपल्या पुरवणीत, हिवाळ्यात पहिल्यांदा परदेशी मुलांकडे निघालेल्या आईवडिलांसाठी एक लेख होता. थर्मल, औषधांच्या चिठ्ठ्या, विमा, सगळे व्यवस्थित. पण शेवटी 'दारात बर्फ साचला तर पायऱ्यांवर गरम पाणी ओतावे' हे वाक्य वाचले आणि पत्र लिहायला बसलो. हा उद्योग मी स्वतः अमेरिकेत मुलीकडे केलेला आहे. उणे ११ तापमानात दोन बादल्या ओतल्या. वाफ झकास निघाली. थोड्याच वेळात पायऱ्यांवर काच बसवल्यासारखा थर, आणि दूध घेऊन येणारी माझी मुलगी कठडा धरून खाली बसली. नशीब, काही मोडले नाही. कृपया दुरुस्ती छापा.

दुरुस्तीबरोबर आणखी थोडी जागा दिलीत तर बरे, कारण खऱ्या गरजेची गोष्ट लेखात नव्हतीच. ती म्हणजे दारातला बर्फ काढायचे विजेवरचे यंत्र, स्नो ब्लोअर. तुम्ही म्हणाल, चोपड्याच्या माणसाला त्याचे काय? आपल्याला बर्फ माहीत तो गोळ्याच्या गाडीवरचा, नाहीतर केळीची पाने चिरणाऱ्या गारांचा. पण आमच्या एका गल्लीतली चार पोरे बर्फाच्या मुलखात आहेत, आणि काही घ्यायचे झाले की 'बाबा, कोणते घेऊ?' हा फोन अजून इकडेच येतो. माझ्याकडे तर येणारच. चाळीस वर्षे विहिरीच्या आणि बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरली आहे.

मुलगी-जावई न्यूयॉर्क राज्यात रोचेस्टरला असतात, ऑन्टारिओ सरोवराच्या दक्षिण काठाला. सरोवराचे पाणी त्यामानाने कोमट. त्यावरून गार वारा आला की ओल उचलतो आणि काठावर बर्फ करून टाकतो. वर्षाची सरासरी शंभर इंचांच्या आसपास. दहा इंच बर्फ वितळला की साधारण एक इंच पाणी होते, म्हणजे हिशेबाने दहा इंच पाऊसच. आपल्या जळगावला त्याच्या दुपटीहून जास्त पडतो. पण आपला पाऊस तापीला जातो, तिथला दारात पडून राहतो.

त्यांच्या गॅरेजपासून रस्त्यापर्यंतचा पट्टा ४० फूट लांब, १२ फूट रुंद. दहा इंच भुसभुशीत बर्फ पडला तर वजन अकरा क्विंटलच्या घरात जाते. म्हणजे अकरा क्विंटल कापूस सुपाएवढ्या फावड्याने उचलून बाजूला टाकायचा, तोही सकाळी ड्यूटीवर निघायच्या आत. बर्फ ओला असला तर वजन दुप्पट-तिप्पट. थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या, त्यात असा जोर. तिकडे दर हिवाळ्यात फावडे मारता मारता माणसांना हृदयविकाराचे झटके येतात. मला एक स्टेंट आहे. घरातल्या बायकांनी फावडे माझ्या हातून काढून घेतले आणि यंत्र निवडायचे काम माझ्याकडे आले.

यंत्र समजायला आपल्या माणसाला पाच मिनिटे पुरतात. पुढे फिरणारा रोटर बर्फ आत ओढतो, वरच्या नळकांड्यातून लांब फेकतो. सांगतात की हे यंत्र पहिल्यांदा बनवणारा कॅनडाचा आर्थर सिकार्ड याला मळणीयंत्र पाहूनच कल्पना सुचली होती. १९२५ साली त्याने ते ट्रकवर बसवले. सिंगल स्टेजमध्ये एकच रोटर ओढतो आणि फेकतोही. त्याच्या रबरी पट्ट्या जमिनीला घासतात, म्हणून डांबरी-काँक्रीटच्या जागेवर तळ स्वच्छ निघतो. मात्र खडीच्या वाटेवर चालवले तर शेजाऱ्याची काच फुटलीच म्हणून समजा. टू स्टेजमध्ये पुढचा लोखंडी स्क्रू बर्फ फक्त ओढतो, फेकायला मागे वेगळा पंखा असतो. ते खाली टेकलेल्या पायांवर जमिनीपासून थोडे वर चालते. दगड अडकला तर एक स्वस्तातली पिन तुटते आणि गिअर वाचतो. पिना आणून ठेवाव्यात.

जावईबापू मोबाइलवर बॅटरीच्या यंत्रांचे नुसते व्होल्ट बघत होते. चाळीसचे घेऊ की ऐंशीचे? मी म्हटले, व्होल्ट हा तुमच्या बॅटरीचा आडनावासारखा प्रकार, त्यावरून घरात धान्य किती ते कळत नाही. डब्यावर ४० लिहिलेली बॅटरी कामाला लागली की ३६ च्या आसपासच बसते. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणा. ५६ व्होल्टची, ५ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे २८० वॅट-अवर. अशा दोन मिळून अर्ध्या युनिटपेक्षा थोडी जास्त वीज. अर्ध्या युनिटमध्ये अकरा क्विंटल! शिवाय लिथियमची बॅटरी थंडीत कमी देते, आणि शून्याखाली गार असताना चार्जिंगला लावली तर कायमची खराब होते. ती गॅरेजात न ठेवता घरात ठेवायची, काम संपले की आधी घरातल्या उबेला येऊ द्यायची आणि मगच चार्जरला लावायची.

एवढे पांडित्य करून मी वायरीवरचे सिंगल स्टेज घ्यायला लावले. १५ अँपिअर, १८ इंच रुंद. बॅटरीच्या टू स्टेजच्या मानाने किंमत चिमूटभर. तिकडे घरात १२० व्होल्ट, सॉकेट १५ अँपिअरचे, म्हणजे वायरीवरच्या यंत्राला १८०० वॅटच्या पलीकडे जाताच येत नाही. हे गणित मी केले होते. ते लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पहिल्या दिवशी शेजारच्यांकडून १०० फुटांची नारिंगी वायर आणली, बारीक, १६ गेजची. मोटार फिरायची पण आवाजात दम नाही. कान ओळखतात ना. चोपड्याहून नेलेला मल्टिमीटर काढला (लोणच्याच्या बरणीची जागा खाल्ली म्हणून निघताना बोलणी खाल्ली होती). सॉकेटला १२०, वायरीच्या टोकाला चालू लोडवर १०९. म्हटले, हे तर आपलेच दुखणे! डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) लांब, वायर बारीक, आणि शेतकरी म्हणतो मोटार खराब आहे. तिथेही गेजचा आकडा लहान तितकी तार जाड, आपल्या वाइंडिंगच्या तारेसारखेच. ५० फुटांची १२ गेजची, बाहेर वापरायची, थंडीत न ताठरणारी वायर आणली आणि यंत्राचा सूर बदलला. जो वायरीवरचे घेईल त्याने वायरीचे पैसे आधीच धरावेत. प्लग आपल्याकडच्या ईएलसीबीसारखे (वीज गळली की पुरवठा तोडणारे) संरक्षण असलेल्या सॉकेटलाच लावावा, वायर खांद्यावरून मागे सोडावी, सुरुवात प्लगच्या बाजूने करावी.

जानेवारीभर मी मिरवलो. कोरडा बर्फ, पिठासारखा, वीस फूट उडायचा. सौ. खिडकीतून विचारायची, "आते कथा चालनात?" (आता कुठे चाललात?) आणि मी टोपी सारखी करून बाहेर.

फेब्रुवारीत एक दिवस तापमान शून्याजवळ आले आणि ओला बर्फ पडला. तेवढ्यात रस्ता साफ करणारी सरकारी गाडी गेली, आणि जाताना तिने रस्त्यावरचा सगळा चिखल-मीठ-बर्फ आमच्या पट्ट्याच्या तोंडाशी लोटला. कमरेपर्यंत नाही, पण गुडघ्याच्या वर भिंत. दोन तासांत ती दगड होते. माझे १८०० वॅटचे यंत्र त्या भिंतीला नाक लावून गुरगुरले, नळकांडे गच्च भरले, आणि थांबले. मी स्विच सोडला आणि सवयीने हात आत घालायला वाकलो. चाळीस वर्षे मशीन बंद करून हातच घातलाय. मुलगी दारातून किंचाळली, "बाबा, हात!"

यंत्र बंद केले तरी अडकलेल्या रोटरमध्ये ताण राहतो, बर्फ मोकळा झाला की तो एक झटका घेतो. तिकडे दरवर्षी माणसांची बोटे अशीच जातात. प्लग काढायचा, किंवा बॅटरी काढायची, रोटर थांबल्याची खात्री करायची, आणि मग यंत्राबरोबर मिळणाऱ्या काठीनेच नळकांडे मोकळे करायचे. आधी आतून सिलिकॉनचा स्प्रे मारला तर बर्फ चिकटतही कमी. हे मला माहीत नव्हते असे नाही. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर चित्र होते.

मी पट्ट्याची लांबी मोजली, बर्फाची उंची मोजली, वायर मोजली, पण त्या तोंडाशी येणाऱ्या भिंतीचा विचार केला नाही. यंत्र किती हवे ते ती भिंत ठरवते. सरकारी गाडी जात नाही अशा आतल्या गल्लीत, छोट्या अंगणाला, माझे वायरीवरचे यंत्र उत्तम. आता ते शेजारच्या आजींकडे आहे, त्यांचा पट्टा वीस फुटांचा. मोठ्या रस्त्याला लागून घर असेल तर बॅटरीचे टू स्टेज घ्यावे, ब्रशलेस मोटारीचे, म्हणजे मिक्सरसारखे कार्बन बदलायला नकोत. जावईबापूंनी मार्चमध्ये तेच घेतले, मला न विचारता. बरोबर घेतले. भिंत मात्र त्यानेही एका दमात जात नाही, अर्धी-अर्धी कापावी लागते, आणि गाडी गेल्या गेल्या.

बर्फ पडायला लागला की दुकानातली चांगली यंत्रे संपतात, म्हणून यंत्राचे एवढे पुराण ऑक्टोबरात छापलेत तरी चालेल. गरम पाण्याची दुरुस्ती मात्र याच रविवारी हवी. आमच्या व्याह्यांचे तिकीट पुढच्या आठवड्यातले आहे, आणि ते आपलाच पेपर वाचतात.

आपला,
एक निवृत्त मोटार रिवायंडिंगवाला
चोपडा, जि. जळगाव