चिठ्ठीतला प्रश्न: टेस्ट केली तर घरी कळतं का?

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

मी पुण्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या १ डिसेंबरला आमच्या कॉलेजात दरवर्षीसारखा एड्स दिन झाला. प्रभातफेरी निघाली, लाल रिबिनीची रांगोळी काढणाऱ्या मुलींना बक्षीस मिळालं, पाहुणे संस्कारांवर चाळीस मिनिटं बोलले. एनएसएसच्या आम्हा पोरांनी बुटाच्या खोक्याला भोक पाडून एक प्रश्नपेटी केली होती. नाव लिहायचं नाही, चिठ्ठी टाकायची. रात्री हॉस्टेलवर खोकं उघडलं. डास चावून होतो का, सलूनच्या ब्लेडने होतो का, जत्रेत गोंदवून घेतलंय त्याचं काय, असं बरंच निघालं. पण वेगवेगळ्या अक्षरांत पुन्हा पुन्हा आलेला प्रश्न एकच होता: ‘टेस्ट केली तर घरी कळतं का?’

डासाचं उत्तर आम्हाला देता आलं. हे नाही आलं. म्हणून शोधत बसलो, आणि लक्षात आलं की उत्तर कधीचं तयार आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. माणसाला नीट समजावून, त्याची संमती घेतल्याशिवाय चाचणी करायची नाही. कायद्यातच सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर त्याच्या परवानगीवाचून निकाल कुणाला सांगायचा नाही. कॉलेजला नाही, मालकाला नाही, आईवडिलांनाही नाही. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व चाचणी केंद्रात, कुणीही थेट जाऊ शकतं आणि पैसे पडत नाहीत. हे एवढंच मोठ्या अक्षरात कॉलेजच्या फाटकावर लावलं असतं तर अर्ध्या चिठ्ठ्या आल्याच नसत्या. आमच्या नोटीस बोर्डावर मात्र अजून कवटीचं चित्र आहे.

मंत्रिमहोदय, इथे एक घरची गोष्ट सांगतो. मागच्या वर्षी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका खासगी दवाखान्यात. घरी आल्यावर फाइल चाळताना साखर, हिमोग्लोबिन यांच्या खाली एक ओळ दिसली: एचआयव्ही, नॉन-रिअॅक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह. आजीला विचारलं, ‘ही तपासणी करायची का, असं कुणी विचारलं होतं?’ ती म्हणाली, ‘रक्त घेतलं बाबा, नाव कशाला विचारू?’ म्हणजे जिला गरज नाही तिची चाचणी न विचारता होते, आणि ज्याला हवी आहे तो केसपेपरच्या खिडकीपर्यंतही पोचत नाही. आमच्या वर्गातली एक मुलगी पोचली होती. खिडकीतून मोठ्याने प्रश्न आला, ‘काय होतंय?’ मागे वीसेक माणसं. ती ‘ताप’ म्हणाली आणि पॅरासिटामॉल घेऊन परत आली. थेट आयसीटीसीत जाता येतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता रूममेटचं. त्याला विचारून आणि ओळख पटेल असं सगळं गाळून लिहितो आहे. शुक्रवारी रात्री कंडोम फाटला. समोरच्या व्यक्तीची कधी चाचणी झाली होती की नाही, त्याला ठाऊक नव्हतं. दोन रात्री तो झोपला नाही आणि रविवारी दुपारी माझ्याजवळ बोलला. आम्ही मोबाइलवर वाचलं की अशा वेळी एचआयव्हीची लागण रोखण्यासाठी पेप नावाचं औषध मिळतं. ते ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, सुरू करायचं आणि २८ दिवस घ्यायचं. संध्याकाळी एका मोठ्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत गेलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, वाईट बोलले नाहीत. पण म्हणाले, ‘ते आमच्या स्टाफला सुई टोचली तर असतं. तुम्ही उद्या ओपीडीत या.’ बाहेर पायरीवर बसून आम्ही बोटांवर तास मोजत होतो.

सोमवारी ओपीडीची रांग धरली नाही. एका खासगी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं विचारलं, आधी चाचणी करायला लावली, मग चिठ्ठी दिली. दोन मेडिकलवाले ‘मागवावं लागेल’ म्हणाले, तिसऱ्याकडे बाटली मिळाली. पहिली गोळी गेली तेव्हा पासष्ट तास झाले होते. मेसच्या टेबलावर ती बाटली कशी ठेवणार? शेंगदाण्याच्या चटणीच्या रिकाम्या डब्यात ठेवली. महिनाभर रोज रात्री नऊला डबा उघडला की आमच्या खोलीला लसणाचा वास यायचा. बाटली तीसची होती. दोन गोळ्या अजून आत आहेत.

पैसे जमले म्हणून हे झालं. ज्याच्याकडे नसतील त्याने काय करायचं? आणि आम्ही पुण्यात होतो! १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून सुरू झालेली आणि आता नाव बदललेली संस्था इथेच भोसरीत आहे, पीएमपीच्या बसने जाता येईल इतक्या अंतरावर. माझ्या गावी, खानापूर तालुक्यात, पासष्ट तासांत काय झालं असतं याचा विचार मी करत नाही.

तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करायची होती. या वेळी आम्ही आयसीटीसीत गेलो आणि सोबत म्हणून मीही रक्त दिलं. तिथे ज्या समुपदेशक ताई होत्या, त्यांच्याविषयी मुद्दाम लिहितो. त्यांनी दार लावून घेतलं. विंडो पीरियड म्हणजे काय हे कॅलेंडरवर बोट फिरवून दाखवलं: विषाणू शिरला तरी लगेच चाचणीत दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या नव्या चाचणीला ४५ दिवसांपर्यंत आणि साध्या रॅपिड चाचणीला ९० दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी निगेटिव्ह आलं म्हणून नाचायचं नाही. पॉझिटिव्ह आलंच तर औषध फुकट आहे, आणि ते नियमित घेऊन रक्तात विषाणू सापडेनासा झाला, तसाच राहिला, की संबंधांतून तो जोडीदाराकडे जात नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून मी वहीतून मान वर काढली. तीन वर्षं विज्ञान शिकतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोघांचेही रिपोर्ट निगेटिव्ह आले. निघताना दाराजवळच्या कंडोमच्या पेटीत हात घातला, तर ती रिकामी होती.

त्या ताईंच्या खोलीची वेळ आमच्या प्रॅक्टिकलची वेळ आहे. आठवड्यातून एक दिवस ती संध्याकाळी सातपर्यंत उघडी ठेवता येणार नाही का? नाहीतर महिन्यातून एकदा त्यांनाच कॉलेजात पाठवा. पण शिबिर सभागृहात आणि रजिस्टर विभागप्रमुखांसमोर असेल तर नको, त्यापेक्षा न झालेलं बरं. एड्सविषयी जागृती करणारे रेड रिबन क्लब कॉलेजांत आहेतच. त्यांना रांगोळीऐवजी १०९७ हा हेल्पलाइन नंबर, ७२ तास आणि ९० दिवस, एवढं द्या, बाकी पोरं पाहून घेतील. आणि कॅज्युअल्टीसाठी एक लेखी आदेश काढा: कंडोम फाटला म्हणून रविवारी रात्री कुणी आला, तर पहिली गोळी कोण देणार, कुठून देणार. ‘उद्या या’ हे त्याचं उत्तर असू शकत नाही.

नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, २०२१ च्या अंदाजानुसार देशात एचआयव्हीसह जगणारी सर्वाधिक माणसं आपल्या राज्यात आहेत, जवळपास चार लाख. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची नीट माहिती असणाऱ्या स्त्रिया देशभरात २१.६ टक्के निघाल्या, पुरुष ३०.७ टक्के. हे आकडे आपल्या टेबलावर असतीलच. चिठ्ठ्या नसतील. त्या मी बुटाच्या खोक्यातच जपून ठेवल्या आहेत. कार्यालयाने कळवलं तर पोस्टाने पाठवीन. फक्त अक्षरावरून कुणाला शोधू नका, एवढी अट आहे.

आपला,
तृतीय वर्ष बी.एस्सी.चा एक विद्यार्थी, पुणे