यशवंतपूरला उतरा

बेंगळुरू
1 डिसेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न.

रोज रात्री फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं बाबा म्हणतीलच. पण फोनवर आई आधी "जेवलीस का?" विचारते, आणि त्याला हो म्हटलं की पुढचं सगळं आपोआप "बरं आहे" होतं. फेब्रुवारीत इथे आल्यापासून तेच चाललंय. त्यातलं बरंचसं खरं नव्हतं.

आधी पैशाचं सांगते. इथे भाड्याने घर घेताना दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवायची जुनी पद्धत आहे. आमचे मालक घासाघीस करून सहावर आले, तरी आमच्याजवळ तेवढे नव्हते. आई, लग्नात तू माझ्या नावावर ठेवलेली एफडी मी तेव्हाच मोडली. नागपूरहून, सासरहून पैसे मागवायला हा तयार होता, मीच अडून बसले. दिवाळीत तू "व्याज जमा झालं का गं?" विचारलंस आणि मी हो म्हणाले. लाडू वळताना तुझ्याशी खोटं बोलले, ते अजून खुपतंय.

मग मार्च आला. टीव्हीवर बेंगळुरूचे टँकर बघून बाबांनी फोन केला होता. मी म्हटलं, आमच्याकडे कावेरीचं पाणी येतं. येत होतं, पण दिवसाआड, तेही पहाटे. शंभरेक किलोमीटरवरून उपसून आणलेलं ते पाणी आधी खाली संपमध्ये, म्हणजे जमिनीतल्या टाकीत पडायचं, मग मोटर लावून वरच्या टाकीत. इमारतीची बोअर आटली होती. आमचं पहिलं मोठं भांडण कशावरून झालं असेल? बादलीवरून. मुलगी बघायच्या कार्यक्रमात पगार, पत्रिका, सगळं विचारून झालं. भांडी विसळताना हा नळ बंद करतो का, हे कुणीच विचारलं नव्हतं. दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी जावईबापूंनी तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घातलं आणि मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात तुळशीलाच ते सांगितलं. मला हसू आलं, संपलं.

आता पाणी ठीक आहे. नळ मात्र अजून तो उघडाच ठेवतो, थोडा.

खरी गंमत भाजीबाजारात झाली. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर फुलं, पालेभाज्या, केळीची पानं यांची रांगच असते. पहिल्याच आठवड्यात मेथीची जुडी उचलून मी विचारलं, "एष्टु री?", म्हणजे कितीला हो? बाई हसायलाच लागली. म्हणाली, "हुब्बळ्ळी कडेयवरा?", हुबळीकडच्या का? बाबा, आजी चिकोडीची, दूधवाल्याशी ती जे कन्नड बोलायची तेच माझ्या तोंडात बसलंय, ते "री"सकट. इथल्या बोलण्यात ते नाही. तेव्हापासून ती मला "हुब्बळ्ळी अक्का" म्हणते. मिरज सांगून पाहिलं, उपयोग झाला नाही. नवऱ्याला कन्नडचं अक्षर येत नाही, त्यामुळे रिक्षावाला, प्लंबर, मालकीणबाई, सगळीकडे मीच पुढे. लहानपणी आजीच्या त्या भाषेला आम्ही पोरं हसायचो.

खाण्याचं विचाराल तर सांबारात गूळ असतो आणि नागपूरच्या माणसाला ते दुःख पचत नाही. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, चावायचे नसतात, गिळायचे असतात. पहिल्यांदा यानं ते भाकरीसारखे चावले, आणि टेबलावरचे सगळे खाणं थांबवून बघत राहिले. पंचेचाळीस अंशांत वाढलेला हा माणूस इथे नऊशे मीटर उंचीवर नोव्हेंबरातच स्वेटर घालतो.

बाबांसाठी एक. इथलं काडु मल्लेश्वराचं देऊळ व्यंकोजीराजांनी बांधलेलं आहे, असं सांगतात. काडु म्हणजे रान. आता रान नाही, सहा-सात झाडं आणि रिक्षा. बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं हे तुम्ही शाळेत शिकवायचा, ते देऊळ माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर आहे. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या गावाबाहेर मोकळ्या हवेत माणसं वसवली, त्यातून हा मल्लेश्वरम झाला आणि तिकडे बसवनगुडीही.

त्या बसवनगुडीत गेल्या सोमवारी कडलेकाई परिषे होती, भुईमुगाच्या शेंगांची जत्रा, दरवर्षी कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी. पूर्वी शेंगांची पिकं बैल खाऊन जायचा, म्हणून शेतकरी पहिलं पीक नंदीला वाहू लागले, अशी कथा. शेंगा अजून शेराच्या मापाने देतात. आम्ही दोन शेर घेतल्या, मेट्रोने घरी आणल्या, आणि रात्री फरशीवर बसून सगळ्या संपवल्या. टरफलं यानं झाडली. न सांगता.

आता मुद्द्याचं. जानेवारीत या. मिरजेहून राणी चन्नम्मा गाडी रात्रीतून आणते, पण शेवटपर्यंत येऊ नका, यशवंतपूरला उतरा, तिथून आम्ही जवळ. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांच्या गुडघ्यासाठी जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवता येईल, मालकीणबाईंना विचारून झालंय. आई, तिळाची चटणी आण, कांदा-लसणाचा मसालाही, जरा जास्त.

एफडीचं बाबांना तू सांगणार की मी, ते कळव.

तुमची
धाकटी