अण्णांचा मीटर

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि दोन्ही प्रकाशमापकांचे फोटो मिळाले. त्यांपैकी कोणता वापरावा असे तू विचारले आहेस. पण ते कोणत्या जातीचे आहेत हे कळल्यावाचून ते ठरणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

अण्णांचा मीटर म्हणजे वेस्टन मास्टर दोन. पाठीमागे मधमाशीच्या पोळ्यासारखी काच, तिच्यावर बारीक भोकांचे झाकण आणि बॅटरीचा कप्पा कुठेही नाही, एवढ्यावरून तो सेलेनियमचा आहे हे ओळखता येते; कारण सेलेनियमवर प्रकाश पडला की त्यातूनच वीज निर्माण होते आणि तीच काटा हलवते. उन्हात झाकण बंद ठेवायचे, अंधुक जागी उघडायचे. उघडताच आतली आकड्यांची पट्टी आपोआप बदलते. ती बदलताना पाहण्यासाठी लहानपणी मी झाकण सतत उघडझाप करीत असे आणि अण्णांचा ओरडा खात असे.

खरी खोच तबकडीवर आहे. 1956 साली आलेल्या मास्टर तीनच्या आधीच्या वेस्टनवर फिल्मचा वेग, म्हणजे ती उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा, फिल्मच्या डबीवरच्या नेहमीच्या एएसए मापात नसून कंपनीच्या स्वतःच्या मापात असतो आणि ते माप सुमारे एक तृतीयांश स्टॉपने (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) खाली भरते. म्हणून 100च्या फिल्मला 80 आणि 400च्या फिल्मला 320 लाव.

सेलेनियम वय आणि ओल यांनी हळूहळू मरते. आधी काच हाताने पूर्ण झाकून काटा शून्यावर येतो का ते पाहा. येत नसेल तर पाठीमागच्या छोट्या स्क्रूने तो आणता येतो. मग भर दुपारी अंगणात, नंतर माजघरात, दर वेळी मीटर आणि तुझा डिजिटल कॅमेरा एकाच भिंतीवर रोखून दोघांचे आकडे ताडून पाहा. दोन्हीकडे सारखाच फरक पडला तर तो हिशेबात धरून मीटर खुशाल वापरता येईल; पण उन्हात बरोबर आणि सावलीत भलताच असेल, तर तो कपाटात शोभेसाठी ठेव.

जुन्या बाजारातून तू घेतलेला गॉसेनचा लूनासिक्स कॅडमियम सल्फाइडचा आहे. त्याला 1.35 व्होल्टच्या दोन पाऱ्याच्या बॅटऱ्या लागतात आणि त्या आता बनत नाहीत. त्या मापाची साधी अल्कलाइन बॅटरी दीड व्होल्टपेक्षाही थोडी जास्त असते आणि वापरता वापरता उतरत जाते, त्यामुळे काटा चुकतो. श्रवणयंत्राची 1.4 व्होल्टची जस्त-हवा बॅटरी, मापाची कडी घालून, बरीच जवळ जाते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेव: उन्हातून एकदम अंधारात नेल्यावर हा मीटर काही क्षण आधीच्या उजेडाच्या आठवणीतच असतो, तेव्हा थोडा वेळ थांबून मग वाच.

आता वापराबद्दल. किल्ल्यावरच्या सास-बहूच्या देवळाचा माझा पहिला रोल अण्णांच्या मीटरनेच वाया गेला, आणि चूक मीटरची नव्हती. मी तो सरळ समोर धरला, त्यात अर्धे आकाश आले, आणि अकराव्या शतकातल्या त्या पिवळसर दगडावरचे कोरीवकाम फोटोत काळे पडले. समोर जे येईल ते मध्यम करडे आहे असेच मीटर समजतो, त्यामुळे उजळ आकाश दिसले की प्रकाश कमी द्यायला सांगतो. म्हणून तो जमिनीकडे थोडा झुकव, नाहीतर त्याच उजेडात आपल्या तळहातावर रोख आणि आलेल्या आकड्यापेक्षा एक स्टॉप अधिक प्रकाश दे. मंडपातल्या खांबांसाठी मात्र खांबाजवळ जाऊनच मोज. दारातून येणारे ऊन काचेवर पडू देऊ नकोस.

माझे मत विचारशील तर उन्हात अण्णांचा आणि मंडपात लूनासिक्स. वेस्टन कातडी म्यानात, अंधाऱ्या आणि कोरड्या जागी ठेव. लूनासिक्स महिनाभर वापरणार नसशील तर बॅटऱ्या आजच काढून ठेव, कारण त्या गळल्या की आतले पत्रे हिरवे पडतात आणि ते घासत बसण्याची पाळी माझ्यावर येते.

तुझा,
बाबा