गर्दी चौकात, दुकाने रिकामी

शहराच्या मध्यभागी पाळणे, रोषणाई आणि कार्यक्रम ठेवले की मंदावलेली बाजारपेठ जागी होते, असे धरून चालतात. गर्दी होतेही, चुकते ती मांडणी. मंच आणि पाळणा वाहनतळाला खेटून उभारले की लोक तिथेच उतरतात, तिथूनच परततात. मोठे आकर्षण दूरच्या टोकाला हवे, म्हणजे वाटेत दुकाने लागतात. दुसरी चूक म्हणजे स्टॉलची पाठ दुकानांकडे, त्यामागे धडधडता जनरेटर. गल्ल्यावर बोललेले ऐकू येत नाही. दुकानदार कुरकुरणारच! रस्ता रुंद असेल तर स्टॉल मधोमध, पाठीला पाठ लावून मांडावेत आणि अग्निशमन बंबासाठी निदान ४ मीटर वाट मोकळी सोडावी. रोषणाईच्या प्रत्येक सर्किटला ३० मिलिअँपिअरचा स्वतंत्र आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा. सगळा भार एकावरच टाकला तर पावसाच्या एका सरीने अख्खा रस्ता अंधारात जातो. कार्यक्रम दुकाने बंद होण्याच्या २ तास आधी संपावा (भाषणे धरून). आणि फायदा झाला का हे पाहायला माणसे मोजायची ती दुकानांच्या दारात. आदल्या आठवड्यातील त्याच वाराची, त्याच वेळेची मोजणी हाताशी नसेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.